विज्ञानकादंबरीकाराने कार्यक्रम कसे सांभाळावेत : नागपूरच्या लेखकांसाठी काही सूचना

विज्ञानकथा आणि विज्ञानकादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला नागपुरात वर्षभर जी आमंत्रणे येतात, त्यांपैकी फार थोडी त्याच्या कादंबरीसाठी असतात. शाळेला विज्ञान दिनासाठी वक्ता हवा असतो, वाचनालयाला मराठी भाषा गौरव दिनासाठी साहित्यिक हवा असतो, महाविद्यालयाला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणारा पाहुणा हवा असतो आणि आकाशात काही चमकले की वृत्तवाहिनीला तातडीने मत देणारा कोणीतरी हवा असतो. फोनवरचे वाक्य मात्र बहुधा एकच असते : ‘‘सर, तुम्ही या ना जी, दोन शब्द बोलून द्या.’’ त्या दोन शब्दांना होकार देण्यापूर्वी आपल्याला नेमके कोणत्या नात्याने बोलावले आहे, हे विचारून घ्यावे. कादंबरीकार म्हणून, विज्ञानप्रसारक म्हणून, की भविष्य सांगणारा म्हणून? पुढच्या बहुतेक सूचना या एकाच प्रश्नातून निघतात.

हा गोंधळ श्रोत्यांच्या अज्ञानातून आलेला नाही. त्यामागे आपल्याकडचा इतिहास आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली, तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या आणि मराठीत विज्ञानकथा रुजण्यात त्या स्पर्धांचा वाटा मोठा आहे. जयंत नारळीकर, बाळ फोंडके यांसारखे नावाजलेले लेखक स्वतः शास्त्रज्ञ होते. त्यामुळे विज्ञानकथा लिहितो तो शास्त्रज्ञच असणार, असा मराठी वाचकाचा समज झाला असेल तर त्याला दोष देता येत नाही. गंमत अशी की, खुद्द नारळीकरांनी ही दोन नाती वेगळी ठेवण्याची काळजी घेतली होती. परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून पाठवली. खगोलशास्त्रज्ञ म्हणून झालेले नाव परीक्षकांच्या आड येऊ नये आणि कथेचे मोल कथा म्हणूनच व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. त्या कथेला पारितोषिक मिळाले. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. आपल्यापैकी बहुतेकांच्या नावामागे शास्त्रज्ञ हे बिरूद नाही. कोणी बँकेत असतो, कोणी शिक्षक असतो, कोणी महावितरणमध्ये अभियंता असतो. अशा लेखकाने व्यासपीठावर शास्त्रज्ञाची जागा घेऊ नये. ती घेतली की कादंबरीबद्दल बोलण्याची संधी जाते आणि विज्ञानाबद्दल अर्धवट बोलल्याचा ठपका तेवढा पदरात पडतो.

वर्षाची आखणी

नागपूरच्या लेखकाने वर्षाचे वेळापत्रक कॅलेंडर पाहून आणि हवामान पाहून आखावे. मान्सून येण्याच्या सुमारास दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात आणि कथा ऑगस्टपर्यंत हातात पडावी अशी त्यांची अपेक्षा असते. २३ ऑगस्ट हा चांद्रयान-३ च्या अवतरणाच्या स्मरणार्थ राष्ट्रीय अंतराळ दिन झाल्यापासून त्या आठवड्यातही शाळांची बोलावणी येतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी दुकाने लागतात, तेथे लेखकाने भाषणासाठी नव्हे तर वाचक पाहण्यासाठी अवश्य जावे. दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे प्रवासखर्चातून वाचवलेल्या पैशांनी पुस्तके विकत घेतात आणि घेण्यापूर्वी उभ्याउभ्या पाने वाचून पाहतात; आपल्या कादंबरीचे पहिले पान तेथे टिकेल काय, याचा अंदाज कोणत्याही परिसंवादापेक्षा त्या गर्दीत चांगला येतो.

डिसेंबरमध्ये मात्र पुस्तक प्रकाशनाचा घाट घालू नये. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते आणि त्या काळात सिव्हिल लाइन्स व सीताबर्डी भागात मोर्चे, बंदोबस्त आणि वळवलेली वाहतूक असते, बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी खोली मिळत नाही आणि वर्तमानपत्रांची पाने अधिवेशनानेच भरलेली असतात. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा येतो, त्याच्या आगेमागे संमेलने येतात, आणि मग विज्ञानकादंबरीकाराची खरी परीक्षा पाहणारे दोन दिवस एकाला लागून एक उभे राहतात : २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन. मराठी आणि विज्ञान या दोन्ही शब्दांवर हक्क सांगणारा लेखक म्हणून या दोन दिवसांसाठी आपल्याला इतकी बोलावणी येतात की, सगळ्यांना होकार दिल्यास कोठेच नीट बोलणे होत नाही. माझी सूचना अशी की, २७ तारखेला केवळ साहित्याचा कार्यक्रम घ्यावा, २८ ला केवळ विज्ञानाचा, आणि प्रत्येक दिवशी एकच. उरलेल्यांना मार्चचा पहिला आठवडा सुचवावा. परीक्षा तोंडावर असल्याने शाळा नाही म्हणतील, वाचनालये मात्र आनंदाने हो म्हणतील.

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध हा आपला लेखनाचा हंगाम. पारा ४५ अंशांपर्यंत चढला की आयोजकही दुपारचे कार्यक्रम ठेवत नाहीत, आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. पुण्या-मुंबईच्या लेखकाला हे अडीच महिने असे आयते मिळत नाहीत. कादंबरीचा पहिला खर्डा याच काळात संपवण्याचे ठरवावे आणि या काळात फक्त ऑनलाइन मुलाखती स्वीकाराव्यात. त्याही सकाळी नऊच्या आत. कारण नंतर कूलर लावावा लागतो आणि त्याच्या घरघरीत आपला आवाज पलीकडे पोहोचत नाही. कूलर बंद करून तासभर बोलण्याचा पराक्रम मे महिन्यात कोणी करू नये.

होकार देण्यापूर्वी

आमंत्रण फोनवर आले तरी उत्तर लेखी द्यावे. श्रोते कोण व किती, आपल्याला किती मिनिटे, आपल्या आधी व नंतर कोण, अध्यक्ष कोण, भाषण हवे की मुलाखत, पुस्तके विक्रीला ठेवता येतील काय, ध्वनिचित्रमुद्रण होणार काय, मानधन व प्रवासखर्च किती आणि केव्हा, एवढे विचारणे उद्धटपणाचे नाही. मानधनाचा विषय काढताना आपल्याकडे विलक्षण संकोच असतो आणि आयोजक त्या संकोचावर विसंबून शाल-श्रीफळावर भागवतात. ‘‘आपल्या संस्थेची मानधनाची पद्धत काय आहे, ते कळवल्यास मला नियोजन सोपे जाईल,’’ हे वाक्य कोणालाही दुखवत नाही. सरकारी शाळा, ग्रामीण वाचनालय किंवा स्वयंसेवी संस्था असेल तर मानधन आनंदाने सोडावे; पण तो निर्णय आपण घ्यावा, आपल्या वतीने आयोजकाने घेऊ नये. मानधनातून करकपात झाली असेल तर ती आपल्या पॅनवर नोंदली गेली की नाही, हे वर्षअखेरीस पाहावे. जे शासकीय सेवेत आहेत त्यांनी मानधन घेण्यापूर्वी आपल्याला लागू असणारे वर्तणूक नियम वाचून ठेवावेत. साहित्यिक व वैज्ञानिक स्वरूपाच्या लेखनाला हे नियम बऱ्यापैकी उदार आहेत, तरी कार्यालयाला कळवलेले बरे.

मुंबईच्या आमंत्रणाचा हिशेब वेगळा करावा लागतो. तिकडच्या आयोजकांना नागपूर नकाशावर दिसते तेवढे दूर वाटत नाही. रेल्वेने हे अंतर ८०० किलोमीटरहून अधिक आहे. विदर्भ एक्स्प्रेसने एक रात्र जाताना आणि एक येताना जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि तो पूर्ण झाला असला तरी तासाभराच्या परिसंवादासाठी दिवसभर गाडीत बसणे लेखकाच्या पाठीला परवडत नाही. त्यामुळे परतीचे आरक्षित तिकीट हाती आल्याशिवाय पक्का होकार देऊ नये आणि एका फेरीत प्रकाशकाची भेट, मुद्रितांची देवघेव, एखाद्या संपादकाशी बोलणे अशी कामे जोडून घ्यावीत.

कार्यक्रमाच्या दिवशी आपल्याला सांगितलेली चाळीस मिनिटे मिळतील असे धरू नये. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार यांत ती निम्मी होतात. भाषणाची रचनाच अशी करावी की, सर्वांत महत्त्वाचे पहिल्या दहा मिनिटांत यावे आणि उरलेले गाळले तरी श्रोत्याला चुकल्यासारखे वाटू नये.

शाळा-महाविद्यालयांत काय बोलावे

सर्व सार्वजनिक कामांत मला हे काम सर्वाधिक मोलाचे वाटते, म्हणून त्याविषयी सविस्तर सांगतो. मुलांसमोर ‘विज्ञान शाप की वरदान’ या थाटाचे भाषण करू नये. ते त्यांनी निबंधात लिहून झालेले असते. विज्ञानकादंबरी ज्या एका गोष्टीवर उभी असते, ती म्हणजे ‘जर’, आणि तो ‘जर’ मुलांच्या ओळखीच्या भूगोलातून उचलावा. नागपूरला पिण्याचे पाणी प्रामुख्याने पेंच प्रकल्पातून मिळते. एका वर्षी ते आलेच नाही तर आपल्या गल्लीत पहिल्या आठवड्यात काय होईल? कोराडीच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि मुलांनी त्यांच्या चिमण्या येताजाता पाहिलेल्या असतात. पन्नास वर्षांनी कोळसा जाळणे थांबले तर त्या चिमण्यांचे, तेथे काम करणाऱ्या कुटुंबांचे आणि आसपासच्या गावांचे काय होईल? असा प्रश्न फळ्यावर लिहून खाली दोन रकाने आखावेत : डावीकडे आज खात्रीने ठाऊक असलेले, उजवीकडे आपण कल्पनेने ठरवलेले. मुले बोलू लागली की प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात टाकायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे. वाद होतात, आणि ते व्हावेतच. अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात येते की उजवा रकाना कितीही लांबवता येतो, पण डाव्या रकान्यातील एक जरी वाक्य खोटे निघाले तरी संपूर्ण कथा कोसळते.

त्यानंतर परग्रहवासी, कालप्रवास आणि यंत्रमानव यांवरचे प्रश्न येतात. त्यांची उत्तरे देताना आपले नाते विसरू नये. ‘‘माझ्या कादंबरीत हे होते, प्रयोगशाळेत अजून झालेले नाही,’’ हे उत्तर आठवीच्या मुलालाही पुरेसे स्पष्ट वाटते. कधी कधी एखादे शिक्षक मध्येच उठून ‘‘आपल्या पूर्वजांना हे सर्व आधीच ठाऊक होते ना?’’ असे विचारतात. येथे ज्येष्ठांचा मान राखून, परंतु न डगमगता, प्राचीन कथेतील कल्पनाशक्तीचे कौतुक करावे आणि विमानाची कल्पना करणे व विमान बांधणे या दोन गोष्टींतील अंतर त्याच फळ्यावरील दोन रकान्यांत दाखवावे. राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. त्याचा उल्लेख अशा वेळी उपयोगी पडतो. शक्य असेल तर मुलांना रामन विज्ञान केंद्रात जाण्याचे निमित्त द्यावे. मेच्या अखेरीस, २६ तारखेच्या आसपास, नागपुरात मध्यान्हीला सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. सुट्टीत घराच्या गच्चीवर एक काठी उभी करून ते पाहायला सांगावे. असा गृहपाठ मुले आवडीने करतात.

वृत्तवाहिन्यांचे फोन

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भाच्या आकाशातून जळते पट्टे सरकताना हजारो लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे व गोळे पडलेले आढळले. पुढे हे चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असे जाणकारांनी सांगितले. अशा रात्री विज्ञानकथालेखकाचा फोन वाजल्याशिवाय राहत नाही, कारण खरा खगोलशास्त्रज्ञ निश्चित माहिती मिळेपर्यंत बोलत नाही आणि वाहिनीला तेवढा वेळ नसतो. पहिल्या तासात आपण काय पाहिले एवढेच सांगावे, काय असावे ते सांगू नये, आणि जाणकारांकडे बोट दाखवून थांबावे. पडद्यावर आपल्या नावाखाली ‘खगोलतज्ज्ञ’ असे येणार नाही, ‘विज्ञानकादंबरीकार’ असेच येईल, याची खात्री बोलण्यापूर्वी करून घ्यावी. चूक नंतर दुरुस्त होत नाही, कारण तो तुकडा मोबाइलवरून मोबाइलवर फिरत राहतो. कल्पना लढवायचीच असेल तर ती आठवडाभराने रविवारच्या पुरवणीत कथा म्हणून लढवावी. तेथे ती शोभते, आणि संपादकही तिची वाट पाहत असतो.

संशोधन संस्थांत जाताना

नागपूरच्या लेखकाला जे वैभव लाभले आहे त्याचा आपण पुरेसा उपयोग करत नाही, अशी माझी तक्रार आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, मृद सर्वेक्षणाचे राष्ट्रीय कार्यालय, भारतीय खाण ब्युरो आणि व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था एकाच शहरात असताना आपल्या कादंबऱ्या मंगळावर जाऊन बसतात, याचे आश्चर्य वाटते. बोंडअळी, काळी माती, खाणीतील पाणी आणि संत्र्याची बाग यांतून उभी राहणारी विज्ञानकादंबरी दुसऱ्या कोणत्या शहरातील लेखकाने लिहावी? मात्र तेथे जाताना ‘‘कादंबरीसाठी थोडी माहिती द्या’’ असे म्हणू नये. संस्थेचा वार्षिक अहवाल आधी वाचावा, तीन-चार नेमके प्रश्न पत्राने पाठवावेत आणि उत्तर देणाऱ्याचे नाव पुस्तकात छापायचे असल्यास त्यांची लेखी संमती घ्यावी. अनेकांना ते नको असते.

पुस्तकाच्या प्रकाशनाला याच ओळखीतून एखाद्या शास्त्रज्ञाला बोलवावे आणि महिनाभर आधी प्रत पाठवून कादंबरीतील विज्ञान कोठे लंगडे आहे ते जाहीरपणे सांगण्याची विनंती करावी. त्यांच्या जोडीला एक समीक्षक असावा, जो कथानकाविषयी बोलेल. विदर्भ साहित्य संघाचे सभागृह असो की शंकरनगरचे राष्ट्रभाषा संकुल, शंभर माणसे मनापासून ऐकणारी मिळाली तरी कार्यक्रम यशस्वी मानावा. मंत्री यावेत म्हणून तारीख पुढे ढकलू नये. लेखकाने स्वतः फक्त एक प्रसंग वाचावा, तोही पहिल्या तृतीयांशातील.

ध्वनिचित्रमुद्रणाविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणावरील पहिला हक्क ते भाषण करणाऱ्याचा असतो, आयोजकाचा नव्हे. म्हणून यूट्यूबवर टाकण्याची परवानगी आपण देत आहोत की नाही, हे होकाराच्या पत्रातच लिहावे. अप्रकाशित कादंबरीतील मजकूर ध्वनिचित्रमुद्रण चालू असताना वाचू नये. कलाटणी एकदा बाहेर पडली की ती परत गोळा करता येत नाही.

नवोदितांची हस्तलिखिते

प्रत्येक कार्यक्रमानंतर कोणीतरी हस्तलिखित हातात ठेवते किंवा व्हॉट्सॲपवर पाठवते. कादंबरीचा खर्डा चालू असताना नवोदितांच्या अप्रकाशित विज्ञानकथा वाचू नयेत, असे माझे ठाम मत आहे. विज्ञानातील एकच बातमी एकाच महिन्यात दहा जणांना एकच कल्पना सुचवते आणि मग कोणाची कोणाकडे गेली, हा वाद उभा राहतो. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हक्क असतो तो तिच्या मांडणीवर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. पण न्यायालयात निर्दोष ठरणे आणि धंतोलीतल्या चहाच्या टपरीवर निर्दोष ठरणे यांत फरक आहे. तरीही नवोदिताला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. मजकूर न उघडता त्याच दिवशी असे कळवावे : ‘‘सध्या माझ्या कादंबरीचे काम चालू असल्याने मी कोणाचीही अप्रकाशित कथा वाचत नाही, म्हणून आपली फाइल न उघडता पुसून टाकत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेचे नियम पाहून कथा तेथे पाठवावी. ती छापून आल्यावर अंकाचे नाव कळवा. मी विकत घेऊन वाचीन आणि आपल्याला लिहीन.’’ असे लिहिले की अंक खरोखरच विकत घ्यावा आणि पत्र खरोखरच लिहावे.